हंसाच्या अंगावरचा डाग

पत्र : "आमच्या घरात आजोबांपासून घोडं आहे. आजोबांचा टांगा होता. वडील, म्हणजे आमचे आबा, लग्नाच्या वरातीला घोडी देतात. आमची हंसा सात वर्षांची, पांढरीशुभ्र, स्वभावानं गरीब. दिवाळीनंतर लग्नसराई आली म्हणून आबांनी तिची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवली. ऊसतोड सुरू झाल्यानं वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतात, त्यामुळं गवत घेणं कमी केलं. अंग मळू नये म्हणून रानात सोडणंही बंद केलं. तेव्हापासून तिला खोड लागली आहे. गोठ्यात उभी असली की डावीकडं-उजवीकडं झुलत राहते. गव्हाणीच्या फळीला दात लावून मान ताणते आणि ढेकर दिल्यासारखा आवाज काढते. एक जाणकार म्हणाले, अंगावरचा केसांचा भोवरा वाईट आहे, विकून टाका. दुसऱ्यांनी गळ्याला पट्टा आवळायला सांगितला.

टिप्याचं वेगळंच. कारवान जातीचा कुत्रा आहे, दोन वर्षांचा, दिवसभर दारात साखळीला. हंसा बाहेर निघाली की पिसाटल्यासारखा भुंकतो. सुटला तर तिच्या मागच्या पायांवर धावून जातो. मित्र म्हणतात, एकदा लाथ बसू दे, शहाणा होईल. जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायचा, म्हणून आबांनी काठीनं बडवला. गुरगुरणं बंद झालं. पण गेल्या आठवड्यात माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याच्या हाताला त्यानं आवाज न करता दात लावला. थोडं खरचटलं, आईनं हळद भरली. आता घरात सगळे म्हणतात, दोन्ही जनावरं काढा. मला दोन्ही हवी आहेत."
— एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर

हंसा आणि टिप्याकडं येतेच, पण आधी पुतण्या. त्याला आजच्या आज सीपीआर रुग्णालयात किंवा घराजवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. कुत्रा घरचा आहे, खरचटलंच आहे, आठवडा उलटून गेलाय, यातलं कुठलंही कारण थांबायला पुरेसं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. त्याआधी लस घेतली तर तो टाळता येतो. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. टिप्याच्या लसीचं कार्ड असेल तर सोबत न्या. चावल्या दिवसापासून दहा दिवस टिप्यावर नजर ठेवा. खाणंपिणं, चाल, आवाज यात काहीही बदल दिसला तर लगेच पशुवैद्यांना कळवा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा : दात लागला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाबद्दल. तुम्ही लिहिलंय, हंसाला खोड लागली. घोडेवाल्यांचा हा जुना शब्द, आणि खोड म्हटलं की पाठोपाठ 'मोडायची' हे आलंच. पण मला तुमच्या पत्रात खोडीच्या आधीची तीन वाक्यं जास्त महत्त्वाची वाटली. चंदी वाढली, गवत कमी झालं, रानात सोडणं बंद झालं. हंसा का झुलते याचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय.

घोड्याचं पोट गाई-म्हशीसारखं नसतं. गाय भराभर खाते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही. अंगाच्या मानानं त्याचं जठर लहान असतं आणि त्यात आम्ल दिवसरात्र झरत राहतं, पोटात काही असो वा नसो. म्हणून रानात मोकळं सोडलेलं घोडं दिवसाचे चौदा-सोळा तास थोडं थोडं चरत असतं. चावताना सुटणारी लाळ त्या आम्लाला उतार देते. हंसाला सकाळ-संध्याकाळ भरपूर चंदी मिळते, ती तिची अर्ध्या-पाऊण तासात खाऊन होते. मग तोंडाला काम नाही आणि पोटात आम्ल. फळीला दात लावून हवा ओढणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. झुलण्याचं मूळ जास्त करून कोंडलेपणात आणि एकटेपणात असतं. घोडं कळपातलं जनावर आहे. त्याला चालायचं असतं आणि दुसरं कुणी दिसायला हवं असतं. दोन्ही मिळेना की ते जागच्या जागी चालू लागतं. तेच ते झुलणं.

आबा म्हणत असतील, आमच्या बापाच्या घोड्याला असली खोड कधी नव्हती. त्यांचं म्हणणं खोटं ठरवायला जाऊ नका. उलट त्यांच्याजवळ बसा आणि त्या घोड्याचा दिवस कसा जायचा ते विचारा. टांग्याचं घोडं दिवसभर चालायचं. अड्ड्यावर उभं राहिलं तर शेजारी आणखी चार घोडी असायची. गिऱ्हाईक येईपर्यंत तोंडाला तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, असायचा नाहीतर पुढ्यात गवताची पेंडी. त्या घोड्यांचे हाल होत नव्हते असं मी म्हणणार नाही. कडक उन्हात जास्त ओझं ओढून पाय गेलेली घोडीही त्याच अड्ड्यांवर होती. पण चालणं, चघळणं आणि सोबत, या तिन्ही गोष्टी त्यांना मिळत होत्या. हंसाचं काम टांग्याच्या घोड्यापेक्षा हलकं आहे आणि तिचा दिवस मात्र जास्त कठीण आहे. आबांना हे तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतःच्या आठवणीतून सापडलं तर लवकर पटेल.

तर सुरुवात वैरणीपासून करा. हंसा साधारण ३५० किलोची धरली तर तिला रोज कोरड्या वजनानं निदान ५ ते ७ किलो गवत किंवा कडबा हवा. हिरवं गवत असेल तर त्यात पाणीच जास्त, म्हणून तिप्पट-चौपट लागेल. ही वैरण दिवसातून चार-पाच वेळा विभागून टाका आणि सगळ्यात मोठा भाग रात्रीसाठी ठेवा, कारण संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत रिकामी गव्हाण हाच बहुतेक गोठ्यांतला सर्वांत लांब उपास असतो. बारीक छिद्रांच्या जाळीत गवत भरून टांगलं तर ते हळूहळू खाल्लं जातं. जाळी एवढ्या उंचीवर बांधा की रिकामी होऊन लोंबली तरी तिचा खूर अडकणार नाही. चंदी एका वेळी किलोच्या वर नको. एकदम जास्त दाणा गेला की तो नीट न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं पोटात गेलेलं चुकीचं खाणं बाहेर टाकायची वाटच नसते. वाड्यांचं म्हणाल तर गुरांना चालतात म्हणून घोडीला चालतील असं धरू नका. त्यातलं ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने मुख्य चारा वाडेच असतील तर हाडांवर परिणाम होतो. थोडे तोंडी लावायला ठीक, पोट भरायला गवतच. हा सगळा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, एका रात्रीत नको. पाणी सतत समोर असू द्या. दिवसाला ३० लिटर सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

फुलेवाडीच्या आसपास ऊसच ऊस, मोकळं रान मिळणं अवघड, हे मला माहीत आहे. पण सकाळी तासभर हातात दोर धरून बांधाबांधानं चारता येईल. कुठल्या बांधावर तणनाशक मारलंय ते शेतकऱ्याला विचारून घ्या, पिवळा पडलेला बांध टाळाच. सोबतीला दुसरी घोडी परवडत नसेल तर एक शेळी आणा. एकट्या घोड्याजवळ शेळी ठेवण्याची रीत जुनी आहे आणि अनेक घोड्यांना ती मानवते.

मग अगाडी-पिछाडी. तुम्ही लिहिलेलं नाही, पण हंसाचे पुढचे-मागचे दोर आखूड बांधलेले असणार असा माझा अंदाज आहे. घोडं उभ्यानं डुलकी घेतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याची खरी गाढ झोप आडवं झाल्याशिवाय येत नाही. रोज थोडाच वेळ लागतो, साधारण अर्धा-पाऊण तास, पण तो मिळाला नाही तर घोडं चिडचिडं होतं, उभ्या उभ्या पेंगताना गुडघ्यातून कोसळतं. आखूड दोर, ओली फरशी, अंगावरून जाणारी माणसं असली की ते आडवं होतच नाही. रात्री तरी पिछाडी सोडा, खाली पेंढा किंवा उसाचा वाळका पाला जाड अंथरा. सकाळी खरारा करताना तिच्या कुशीवर शेणाचा, पेंढ्याचा डाग आहे का बघा. तो दिसला तर रात्री ती झोपली होती असं समजा.

भोवऱ्याबद्दल फार लिहीत नाही. केसांची वळणं जन्मापासून असतात. हंसा सहा वर्षं चांगली होती आणि भोवरा तेव्हाही तिथंच होता.

गळ्याला पट्टा आवळू नका. त्यानं हवा ओढणं तेवढ्यापुरतं थांबतं, पण आतला ताण तसाच राहतो, उलट वाढतो. एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे पुढं निराश व्हायला नको : लागलेली सवय कारण दूर केल्यावरही पूर्ण जाईलच असं नाही. कमी होईल, झुलणं बहुधा लवकर कमी होईल, दात लावणं मागं राहील. राहिलं तर राहू दे. घोडी खाते, झोपते, वजन धरून आहे, तर तेवढ्या सवयीसह तिचं आयुष्य चांगलं जाऊ शकतं.

यासोबत पशुवैद्यांकडून तिचे दात, पोट आणि खूर तपासून घ्या. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात, कडा धारदार होऊन गाल कापतात, आणि मग लगाम लावताना मान उडवणारी घोडी आपल्याला हट्टी वाटते. खूर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला दाखवायचे. धनुर्वाताची लस चुकवू नका, घोड्याइतकं त्याला बळी पडणारं जनावर क्वचितच असेल. जास्त तपासण्या लागल्या तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय पुणे रस्त्यावरच आहे.

वरातीचंही बोलायला हवं, कारण घर त्यावर चालतं. आपल्याकडं मुहूर्त बहुतेक भर दुपारी साडेबाराच्या आगेमागे, आणि एप्रिल-मेमध्ये डांबर तापलेलं. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत : दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जात असेल तिथं दुपारी बारा ते तीन काम नाही. काटेरी लगामही त्याच नियमांनी बंद केलेला आहे. सुपारी घेतानाच आबांनी सांगावं : घोडी डॉल्बीच्या पुढ्यात उभी राहणार नाही, फटाके तिच्यापासून लांब, मध्ये पाणी आणि सावली. एखादं गिऱ्हाईक जाईल. पण बिथरलेल्या घोडीवरून नवरदेव पडला तर किती गिऱ्हाइकं जातील, हा हिशेब आबांना कळतो. घोडी नाचवायला शिकवा असं कुणी सुचवलं तर मात्र स्पष्ट नाही म्हणा.

आता टिप्या.

त्याचं गुरगुरणं बंद झालं याचा तुमच्या घरात आनंद झाला असेल. मला ते वाचून धस्स झालं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्यानं दिलेली सूचना असते : मला भीती वाटतेय, मागं सरक. त्याच्याही आधी तो बरंच काही सांगून चुकलेला असतो. ओठ चाटतो, उगाच जांभई देतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होतं, खाणं एकदम भराभर होतं. ते कुणी वाचलं नाही की तो गुरगुरतो. त्याबद्दल काठी बसली तर भीती जात नाही, फक्त आवाज जातो. पुढच्या वेळी तो थेट दात लावतो. माझ्या पहिल्या कुत्रीबाबत मी हेच केलं होतं. गुरगुरली की ओरडायची, नाकावर चापट मारायची. ती शांत झाली म्हणून मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होते, आणि महिन्याभरानं ती आईला चावली. तिनं आधी सांगितलं होतं, ते मीच बंद पाडलं होतं. तिची चूक नव्हती हे कळायला मला फार वेळ लागला, आणि आजही ते मनाला लागतं.

म्हणून पहिला नियम : टिप्या खात असताना पुतण्या त्याच्या आसपास नसेल. मधे बंद दार हवं, नुसतं 'जाऊ नको रे' पुरेसं नाही. टिप्याला शांत कोपऱ्यात, रोज एकाच जागी वाढा. मोठ्या माणसानं, म्हणजे तुम्ही, त्याच्या भांड्यापासून पाच-सात पावलांवरून जाताना उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडं टाकायचा आणि न थांबता पुढं जायचं. रोज दोन-तीनदा. त्याचं अंग सैल राहतंय, शेपूट हलतेय असं दिसलं की काही दिवसांनी एक पाऊल जवळून. कुणी जवळ आलं की ताटातलं जात नाही, उलट भर पडते, हे त्याला उमगायला हवं. त्याचं भांडं ओढून 'मालक कोण' हे दाखवू नका. तो पुन्हा गुरगुरला तर थांबा, मागं या आणि मनातल्या मनात आनंद माना की त्याला पुन्हा बोलावंसं वाटलं. आणि रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातलं उरलेलं त्याला घालत असाल तर ते बंद करा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, शिजलेली हाडं फुटून आतडी फाडतात.

हंसाच्या मागं धावण्याचं कारण वेगळं आहे. कारवान ही नजरेनं शिकार हेरून पाठलाग करणारी जात. पळती गोष्ट दिसली की अंग आपोआप सुटतं. त्या देहाला तुम्ही दिवसभर साखळीवर ठेवता आणि समोरून घुंगरं वाजवत, झूल हलवत घोडी नेता. साखळीला ओढ घेऊन घेऊन त्याची तळमळ रागात बदलते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा त्यात गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. हे मी धाक दाखवायला सांगत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीही हे एवढं महत्त्वाचं वाटलं होतं, म्हणून सांगते.

सकाळी हंसाला बाहेर काढण्याआधी टिप्याला लांब दोरीवर पाऊण तास फिरवून आणा, मनसोक्त हुंगू द्या, मोकळी सुरक्षित जागा असेल तर पळू द्या. साखळीऐवजी कुंपण घातलेला कोपरा करता आला तर उत्तम, आणि तो अशा जागी की गोठ्याचं दार दिसणार नाही. मग शिकवणी. हंसा आबांच्या हातात, टिप्या तुमच्या हातात, मधे एवढं अंतर की त्याला ती दिसते पण तो तुकडा खातोय. तुकडा नाकारला तर अंतर कमी पडलं, मागं या. हंसा चालली की तुकडे सुरू, हंसा थांबली किंवा आड गेली की तुकडे बंद. पाच मिनिटं, पुरे. काही आठवड्यांत हंसा दिसली की तो तुमच्या तोंडाकडं बघायला लागेल. तोपर्यंत दोघांना एका वेळी मोकळं सोडायचं नाही, अगदी एकदाही नाही.

लाथेनं शहाणा होईल म्हणणाऱ्या मित्रांचं ऐकू नका. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, पण शेपटीच्या थेट मागं दिसत नाही. तिथून कुणी धावून आलं की तिच्या रक्तातली हजारो वर्षांची लांडग्याची भीती जागी होते आणि ती सगळ्या ताकदीनं मारते. जबडा मोडलेला, डोळा गेलेला कुत्रा मी दवाखान्यातल्या टेबलावर पाहिलाय. आणि वाचला तर तो घोडीला घाबरून आणखी आक्रमक होतो. इकडं हंसाच्या मनातही दार म्हणजे हल्ला असं बसतं, मग वरातीत मागून पोर धावलं तरी पाय उठेल.

हे सगळं एकदम जमणार नाही. या आठवड्यात चार गोष्टी करा : पुतण्याचा दवाखाना (तो आजच), रात्रीचं गवत, पिछाडी सोडणं, टिप्याचं सकाळचं फिरणं. बाकीचं त्यानंतर. एक साधी वही ठेवा आणि हंसा किती वाजता झुलते, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं, ते आबांनाच लिहायला सांगा. तीन आठवड्यांनी मला कळवा. पांढरी घोडी सकाळी मळलेली दिसली की आबांना वाईट वाटेल, बादली घेऊन धुवायला लागतील. त्यांना धुऊ द्या, पण त्याआधी डाग कुठल्या कुशीवर होता ते वहीत लिहून ठेवा आणि पत्रात पहिल्यांदा तेच लिहा.